सहासष्ट, तेही जेमतेम

४ मार्च, सोमवार. दुपार.

तर सगळ्यात आधी टपकली ती धाकटी. म्हणजे माझी धाकटी जाऊ. राहते पलीकडच्या गल्लीत, पण आमच्याकडे कोणी यायचं असलं की त्याच्या आधी येऊन सोफ्याचा चांगला कोपरा पकडते. वास कसा लागतो कोण जाणे. बातमी आणली होती की कॉलेजच्या दोन मुली घरोघर फिरतायत आणि माणसं मोजतायत. मी म्हटलं, माणसं मोजायला सरकारचे लोक येतात, ह्या कोण? ती म्हणे, तसं नाही हो जाऊबाई, डोकी नाही मोजत, माणूस मोजतायत. उंची, कंबर, ताकद, मन. मन कसं मोजतात ते तिला माहीत नव्हतं. हिच्याकडे नेहमी अर्धीच बातमी असते. उरलेली अर्धी ती घरी शिवते.

एवढ्यात आल्याच त्या. एक चष्मेवाली, एक उंच. उंच आहे ती पाठ वाकवून उभी. एवढी उंची फुकटात मिळाली तर वापरावी तरी माणसाने.

चष्मेवाली गोड बोलते. माणूस वयात येतो तिथपासून पार म्हातारा होईपर्यंत त्याचं शरीर कसं बदलतं आणि मन कसं बदलतं, असा काहीतरी त्यांचा अभ्यास आहे. एकाच घरात सगळ्या वयांची माणसं सापडली तर त्यांना सोन्याहून पिवळं. आमच्यात सापडतात. नात आहे, चिमणी, चौदाची, नुकतीच वयात आलेली. आलेली कसली, आदळलेली. मुलगा आणि सूनबाई आहेत, मधल्या वयात अडकून पडलेले. आणि मी.

मी कशात येते, विचारलं. उंच म्हणाली, उत्तर प्रौढावस्था. ऐकायला भारदस्त वाटलं. धाकटीने लगेच उलगडून सांगितलं की म्हणजे म्हातारी. तिला कोणी विचारलं नव्हतं.

धाकटीने स्वतःचं वय धडाधड सांगितलं, एकाहत्तर. लाज नाही. मग चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात मला विचारलं. मी म्हटलं सहासष्ट. जेमतेम.

आता इथे लिहायला काय हरकत आहे, मी सहासष्टला थांबले. तिथे बरं चाललं होतं म्हणून. त्याला दहा वर्षं झाली, पण ती मोजायचं काय कारण? दहा वर्षांत माझ्यात फरक काय पडला तो कोणी दाखवावा. घरात कोणी हिशेब केलेला नाही. चिरंजीवांना स्वतःचं वय विचारलं तरी हनुवटी खाजवतात.

चष्मेवालीने लिहिता लिहिता मान वर केली. म्हणाली, मग धाकट्या जाऊबाई तुमच्यापेक्षा मोठ्या कशा? हुशार आहे कार्टी. मी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात सांगितलं की आमच्या धाकट्या दिरांनी घोडनवरी केली. कुठेच जमत नव्हतं बिचारीचं. शेवटी आमच्यात खपली. दोघींनी माना डोलावल्या. एवढ्यात धाकटी चहा घेऊन आली. चहा पांचट होता, पण मी तोंड भरून कौतुक केलं. मनात काही नसतं माझ्या.

फार छान दिवस गेला. पाहुणे यावेत तर असे. रविवारी परत येणार.

५ मार्च, मंगळवार.

काल संध्याकाळी जिन्यात जे झालं ते मीच लिहून ठेवते, नाहीतर घरातले त्याचं भलतंच करतील. मी पडले नाही. मी बसले. अचानक बसले, इतकंच. आणि बसल्या बसल्या काही पायऱ्या खाली आले.

चिरंजीवांनी पाहिलं. हे आमचे चिरंजीव म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धावायला लागलेले. केस काळे केलेत, कान पण थोडे काळे झालेत. अंगाला चिकटलेले शर्ट घालतात आणि पोट आत ओढून बोलतात, त्यामुळे वाक्यं अर्धीच येतात. आज सकाळी पोट आत ओढून म्हणाले, आईने आता. खालच्या खोलीत. यावं. वरची चिमणीला.

वरची खोली माझी आहे. तिला रस्त्यावरची खिडकी आहे. खिडकीतून समोर इस्त्रीवाला, त्याच्या शेजारी औषधवाला, वर शिवणक्लास, कोपऱ्यावर सायकलवाला. ह्या रस्त्यावर कोण कोणाकडे गेलं, रिकाम्या हाताने गेलं की पिशवी घेऊन, येताना तोंड कसं होतं, हे सगळं माझ्या नजरेखालून जातं. मी खिडकीतून उठले तर ह्या रस्त्याला कोणी वाली नाही. आणि खालची खोली? जिन्यामागची. दाराच्या जागी पडदा, आणि खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्यांची भिंत. भिंतीवर एक पाइप. सध्या तिथे चिमणी झोपते. तिचं म्हणणं असं की तिला दार पाहिजे, दाराला कडी पाहिजे, कारण तिला आता प्रायव्हसी लागते. चौदा वर्षांच्या मुलीला काय लपवायचंय? एक पुटकुळी. ती तर सगळ्या गावाला दिसते.

सूनबाई नवऱ्याच्या बाजूने बोलली. बोलली म्हणजे घाम पुसत पुसत बोलली. तिचं हल्ली तसंच चाललंय. बाकीचे शाली पांघरून बसलेले असतात आणि ही पंखा लावून खिडक्या उघडते. मध्येच लाल होते, मध्येच रडते, मध्येच चष्मा शोधते. पंचेचाळीस म्हणजे काही वय आहे का हे सगळं करायचं?

मी सरळ सांगितलं, ह्या घरात आता शिकलेल्या मुली मापं घ्यायला येतायत ना, त्यांना विचारा माझे पाय कसे आहेत. त्या म्हणाल्या उतर, तर उतरते. चिरंजीव म्हणाले बरं. त्यांनी पाय ठणठणीत आहेत म्हटलं तर राहा वर. सगळ्यांसमोर कबूल केलं. चिमणी उठली आणि पडदा आपटून आत गेली. पडदा आपटता येत नाही, पण तिने आपटला.

उंच मुलीने जाता जाता सांगितलं होतं की एका पायावर उभं राहायला लावतील. एवढंच? उद्या पहाटेपासून सराव. रोज. न चुकता.

७ मार्च, गुरुवार.

काल पहाट जमली नाही. गार होतं. आज जमलं, पहाटे नाही, अकराला.

एका पायावर उभी राहिले. इस्त्रीवाल्याने एक अख्खा शर्ट केला तोवर उभी होते. शर्ट लहान मुलाचा होता, पण बाह्यांसकट केला. खिडकीचे गज धरले होते ते बाहेर बघायला. शिवणक्लासवाली बाई परत औषधवाल्याकडे आली होती. ह्या आठवड्यात कितव्यांदा तरी. खोकला नाही, पडसं नाही, गोळ्यांचा कागद हातात नाही. आणि औषधवाला, जो मला सुटे द्यायला कुरकुर करतो, तो काउंटरवर कोपरं टेकून हसत होता. पन्नाशीचा माणूस. ह्या वयात पुरुषांच्या डोक्याचं काय होतं त्याचा अभ्यास करा म्हणावं.

चिमणीने आज आरशापुढे तासभर घालवला. कपाळावर ती पुटकुळी. म्हणाली, आयुष्य संपलं. शाळेत जाणार नाही. आमच्या वेळी पुटकुळ्या यायच्या नि जायच्या, त्यांना कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. मी तिला आरशासमोरून सरकायला सांगितलं, कारण मला हनुवटीवरचा केस उपटायचा होता. एकच आहे. गेली कित्येक वर्षं एकच आहे, रोज नवा. ती म्हणे आजी तू सरक, मी म्हटलं तू सरक, शेवटी दोघी एकाच आरशात तोंड वाकडं करून उभ्या. सूनबाई दारातून बघून हसली. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

हो, आणि चिमणी म्हणते मला चिमणी म्हणू नका. मोठी झाले मी. माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीये, त्यालाच ती मोठं होणं समजते.

१० मार्च, रविवार. संध्याकाळ.

आज घरातल्या तिघांची तपासणी. मी खुर्ची टाकून बसले होते. धाकटी अर्थातच आधी येऊन बसलेली.

चिरंजीवांची कंबर मोजताना मजा. टेप लावली की श्वास आत. उंच मुलगी म्हणाली, काका, श्वास सोडा. सोडला. टेप मुलीच्या हातातून सुटली. धाकटी आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर संपलं होतं. मग त्यांनी विचारलं, तरुणपणी काय व्हायचं ठरवलं होतं आणि काय झालात? आमचे चिरंजीव, म्हणजे साहेबच ते, पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, आता मॅरेथॉनची तयारी करतोय. हे उत्तर आहे का?

चिमणीला एक कागद दिला. वर छापलं होतं, मी कोण आहे. खाली रेघा. पोरीने पेन्सिल चावली, खिडकीकडे बघितलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं, माहीत नाही. बाकी रेघा कोऱ्या. मला तर लाजच वाटली. इतकी फी भरून शाळेत घातलीये आणि स्वतः कोण ते माहीत नाही. उंच मुलगी मात्र खूश. म्हणे ह्या वयात हे अगदी बरोबर उत्तर आहे. बरोबर असेल तर मग शाळेत मार्क का मिळत नाहीत?

मी म्हटलं मला विचारा. विचारलं. मी एका दमात सांगितलं. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, ह्याची आई, हिची सासू, तिची आजी, हिची थोरली जाऊ. धडाधड. चष्मेवाली म्हणाली, छान. आणि ह्याशिवाय?

ह्याशिवाय काय? ह्याशिवाय काही असतं का? मी सांगितलं की बिस्किटं घ्या, मऊ पडतील.

त्या जाईपर्यंत मी ताटलीच पुढे करत राहिले. बिस्किटं खरंच मऊ पडली होती.

१४ मार्च, गुरुवार.

सराव. ह्या आठवड्यात दोनदा. तसा एकदा. पण मनात रोज करते, आणि त्या मुली मनाचाही अभ्यास करतात.

आज सकाळी साहेब धावायला गेले आणि इस्त्रीवाल्याच्या स्कूटरवर मागे बसून परत आले, मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन. पोटरीत गोळा आला म्हणे. मी खिडकीतून सगळं पाहिलं. इस्त्रीवाल्याने त्यांना दारात उतरवलं तेव्हा गाठोडं आधी उतरवलं, मग साहेबांना. बरोबर केलं. गाठोड्याचे पैसे मिळतात.

दुपारी उंच मुलगी एकटी येऊन सूनबाईशी बोलत बसली. दार लोटून. मला त्या दाराच्या बिजागरीला तेल घालायचं होतं, म्हणून मी जवळ होते. सूनबाई रडत होती. झोप लागत नाही म्हणाली. भाजी आणायला जाते आणि कशाला आले ते विसरते म्हणाली. काल चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मग म्हणाली, मुलगी बोलत नाही, नवरा धावतो, सासू बोलतच राहते, आणि मधे मी. मला विचारायला पहिल्यांदा तुम्ही आलात.

सासूचा उल्लेख कौतुकाने केला असावा. निदान घरात कोणीतरी बोलतं.

तेल घालायचं राहिलं. रात्रीच्या कणकेत तिने मीठ टाकलं नव्हतं, मी काही बोलले नाही. एकदाच बोलले.

१७ मार्च, रविवार.

माझा दिवस. आज पहाटे खरंच उठले होते. चांगली साडी नेसले, वेणी घट्ट घातली, ओठांना जरा तूप लावलं. धाकटीचीही तपासणी घेणार म्हणून ती पण नटून आली होती. तिच्या वयात ते शोभत नाही.

आधी एक मूठ दाबायची. काटा असलेली. मी आयुष्यभर चादरी पिळल्यात, मला मूठ काय शिकवता. दाबली. काटा जरासा हलला आणि थांबला. मी विचारलं, दुरुस्त करून आणलंय का हे?

मग उंची. दोन बोटं कमी भरली. पट्टी नवीन आहे, नव्या वस्तूंचं असंच असतं.

मग खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, परत परत. हे मी चांगलं केलं. बसायचं तर फारच चांगलं केलं.

मग चष्मेवालीने पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवा म्हणाली. मध्येच गप्पा मारल्या. मुद्दाम. मी शिवणक्लासवालीची सगळी हकिगत तारखेवार सांगितली, तिने कोणत्या दिवशी कोणती साडी नेसली होती तेही. मग म्हणते आता ते पाच शब्द सांगा. मी म्हटलं, खुर्ची. म्हणाली, खुर्ची त्यात नव्हती. नव्हती तर नव्हती, मी बसले तिच्यावरच होते ना.

शेवटी एक पाय. धाकटी आधी. हात पसरले, जीभ बाहेर काढली, आणि लगेच टेकला पाय. मग मी. शप्पथ, तिच्यापेक्षा जास्त उभी राहिले. चांगली दुप्पट. चष्मेवाली म्हणाली, आजी, टेबल सोडा. मी टेबल धरलं नव्हतं. बोट टेकवलं होतं, टेबल हलत होतं म्हणून. परत करायला लावलं. टेबलाशिवाय. तरी धाकटीच्या पुढेच होते. साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं. चिमणी जिन्यात बसून बघत होती. तिचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं नाही. कडी काय, लावून देऊ पडद्याला.

निकाल पुढच्या रविवारी. वरच्या खोलीला नवीन पडदे शिवायचे. शिवणक्लासवालीकडेच टाकते, म्हणजे बसून विचारता येईल.

२४ मार्च, रविवार.

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

धाकटी आधी आली. बिस्किटांचा पुडा घेऊन आली. तेव्हाच मला कळायला हवं होतं, ही कधी हात हलवत आल्याशिवाय राहत नाही.

सगळे बसले. चष्मेवालीने आधी धाकटीचं सांगितलं. वयाच्या मानाने छान. धाकटी इतकी फुगली की सोफ्यावर मला जागा उरली नाही. मग माझं. मुलगी चांगली आहे, तिने फिरवून फिरवून सांगितलं. आजी, तुमचं तसं बरंच चांगलं आहे, पण सहासष्टच्या मानाने पाय जरा कमजोर वाटतात. तोल पण. जिना शक्यतो टाळा.

मी म्हटलं, मी हिच्यापेक्षा जास्त उभी राहिले. हो, म्हणाली, पण त्या एकाहत्तरच्या आहेत ना. प्रत्येक वयाचं माप वेगळं. आणि मला बरं वाटावं म्हणून वर बोलली की तुमचे हेच आकडे एखाद्या पंचाहत्तर शहात्तरच्या आजींचे असते ना, तर आम्ही उत्तम लिहिलं असतं. अगदी उत्तम.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. ते चालत होतं.

धाकटीने बिस्किट चहात बुडवलं. म्हणाली, छे हो, आमच्या जाऊबाई कुठल्या शहात्तरच्या! लहान आहेत त्या. मी घोडनवरी होऊन ह्या घरात आले ना, तेव्हा ह्यांना कडेवर घेऊन फिरायचे मी.

म्हणजे ऐकलं होतं तर. चहा टाकताना कान सगळे बाहेर. म्हणून तो पांचट झाला होता.

मी पाणी प्यायला आत गेले. मागून चिमणी आली. तिने दार लोटलं आणि कानाशी येऊन म्हणाली, आजी, सांगून टाक ना. शहात्तर. एकदा बोलायचं आणि खोली तुझी.

मी म्हटलं, कोणाचं शहात्तर? ती म्हणाली, आजी, तूच सांगतेस ना, बाबा झाला तेव्हा तू अठ्ठावीस वर्षांची होतीस, आणि सगळे म्हणायचे आता हिला काही होत नाही. अठ्ठावीस आणि अठ्ठेचाळीस. मला येते बेरीज.

तोंडी केली असणार. गणितात काठावर पास होते आणि नको तिथे बरोबर येतं.

मग म्हणाली, तुला बोलायला कसंतरी वाटत असेल तर मी बोलू का? मी म्हटलं, जीभ हासडीन. ती तशीच उभी राहिली. कपाळावरची पुटकुळी बसली होती, दुसरी गालावर आली होती. खोली हवी होती तिला, चांगली हवी होती, डोळ्यांत कडीसकट दिसत होती. तरी उभी. म्हणाली, मी राहीन गं खाली. मला सवय आहे पाइपची.

ह्या वयात पोरींना स्वतःचं भलं कळत नाही, दुसरं काय. अक्कल यायला वेळ लागतो.

बाहेर धाकटी मोठ्याने विचारत होती, जाऊबाईंना काय झालं, चक्कर आली का, ह्या वयात येत नाही खरं तर.

मी बाहेर आले. ताठ उभी राहिले. म्हटलं, सहासष्टच. गेल्या रविवारी पायात जरा वात होता. आणि खालच्या खोलीत मी स्वतःहून जाणार होतेच, पोरीला अभ्यासाला जागा नको? साहेब चक्क पोट सोडून बसले होते, म्हणाले आई, नक्की? मी म्हटलं मी काय रोज बदलते का.

धाकटीने पुड्यातलं शेवटचं बिस्किट मला दिलं. अर्धं तुटलेलं होतं.

२६ मार्च, मंगळवार.

उतरले. साहेबांनी आणि इस्त्रीवाल्याने कपाट खाली आणलं. साहेबांनी कमी आणलं. सूनबाईने अंथरूण घातलं, उशाशी तांब्या ठेवला, तिचा स्वतःचा छोटा पंखा आणून ठेवला. मला पंख्याचं काय काम? राहू दिला. एकदा लावून पाहिला, वाईट नाही.

खालची खोली चांगली आहे. उबदार आहे. बाथरूम जवळ. पाइप गळतो. त्याला कोण भेटायला येतं ते आता माझ्या लक्षात राहील.

दुपारी वरून कडीचा आवाज आला. खट्. मग परत खट्. मग परत. बहुतेक लागते की नाही बघत होती. संध्याकाळपर्यंत खट् खट् चाललेलं. इतका आनंद कसला कडीचा? माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली तेव्हा मी किती वेळा लावली होती ते आठवत नाही. असेल सात-आठ वेळा.

पाचच्या सुमाराला दार उघडल्याचा आवाज आणि वरून हाक. आजी! शिवणक्लासवाली औषधवाल्याकडे आलीये! मी जिन्याशी गेले. म्हटलं, पिशवी? म्हणाली, पिशवी नाही. म्हटलं, साडी? म्हणाली, निळसर. निळसर म्हणजे काय? मोरपंखी की आकाशी? तिला सांगता येईना. म्हटलं, हसतेय का? म्हणाली, पाठ आहे इकडे. अगं, मग औषधवाल्याचं तोंड बघ ना! त्याच्यावरून तिचं कळतं. मग वरून आवाज आला, आजी, तो कोपरं टेकून उभा आहे.

बरं आहे. थोडी नजर आहे. पण फार शिकवावं लागणार.

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ऐकत होते. ह्या वेळी मुद्दाम बसले होते.

३१ मार्च, रविवार.

सगळ्यात आधी कोण आलं ते लिहायची गरज नाही. आली, बसली, म्हणाली जाऊबाई, खालची खोली मानवली म्हणायची तुम्हाला, चेहरा कसा कोवळा दिसतोय. मी म्हटलं, तुझ्या हातची बिस्किटं खाल्ली ना. तिने चहा टाकला. आज चांगला झाला, आज बाहेर ऐकण्यासारखं काही नव्हतं.

त्या दोघी निरोप घ्यायला आल्या होत्या. सूनबाई त्यांना सोडेचना, उंच मुलीला गळामिठी मारली. साहेबांनी गोळा गेल्याचं दाखवायला जागच्या जागी धावून दाखवलं. चिमणीने तो कागद परत मागून घेतला, मी कोण आहेवाला, आणि दुसऱ्या ओळीत काहीतरी लिहून घडी करून दिला. मला दाखवला नाही. आता तिच्याकडे कडी आहे ना.

चष्मेवालीने सांगितलं की अभ्यास इथे संपत नाही. माणूस बदलतो कसा ते बघायचं तर परत यावं लागतं. दहा वर्षांनी, ह्याच तारखेला, ह्याच घरी, ह्याच माणसांना भेटायला येणार. धाकटी म्हणाली, अगं बाई, तोवर कोण असेल, कोण नसेल! आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुझं तू बघ, मी आहे.

त्या गेल्यावर पाइपकडे बघत सगळा विचार करून ठेवला. दहा वर्षांनी चिमणी चोवीसची, पुटकुळ्या गेलेल्या, निळ्या रंगाचे प्रकार तोवर कळायला लागतील. साहेब धावायचे थांबलेले. सूनबाईचा घाम वाळलेला. धाकटी एक्याऐंशीची, तिचं काही खरं नाही. आणि मी तेव्हा शहात्तर.

शहात्तरला माझे पाय कसे असतील ते त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. उत्तम. अगदी उत्तम. परत एका पायावर उभं राहायचीसुद्धा गरज नाही. त्याच दिवशी वरची खोली परत घ्यायची. तोवर पडदे शिवून होतील.

३१ मार्च. दहा वर्षांनी. वार कोणता ते दोघींपैकी एकीलाही सांगता आलं नाही, इतक्या शिकलेल्या. सकाळी यायचं म्हणाल्यात.